रबराचा खेकडा

धरणाच्या काठावर एक गृहस्थ गळाला रबराचा खेकडा लावत बसले होते. गळाचं टोक त्यांनी खेकड्याच्या डोक्यातून बाहेर काढलं, फिरवलं आणि त्याच्याच मऊ पाठीत पुन्हा अलगद दडवलं. वरून बोट फिरवून पाहिलं. काही टोचत नव्हतं.

"माशाला दिसू नये म्हणून?" मी विचारलं.

"छे हो! उघडं राहिलं तर पाणगवतात अडकतं. मासा चावला की रबर दबतं, टोक आपोआप बाहेर येतं."

तेव्हापासून मऊ बोलणाऱ्यांचा मला संशय येतो. वरच्या मजल्यावरचे काका "तब्येत काय म्हणते?" असं विचारतात, तेव्हा मी मनातल्या मनात त्यांच्या शब्दांवरून बोट फिरवतो. बहुतेकदा ते नुसती तब्येतच विचारत असतात. तरी संशय जात नाही.

काल धाकट्या भावाला फोन केला. मुलांच्या परीक्षा, त्याची पाठदुखी, सगळं विचारून झालं. आईला आता त्याने न्यावं, हे मी अगदी शेवटी काढणार होतो.

"सहजच केला रे फोन," मी म्हणालो.

तो म्हणाला, "दादा, आईला कधी आणून सोडतोयस?"