मास्तरांचे हात

"शालन, काळी चारच ना गं?"

पडद्याच्या फटीतून येणारा हा आवाज. नांदीच्या आधी, खाली रंगमंचासमोरच्या खड्ड्यात ऑर्गनपाशी बसलेले भानू मास्तर मान वर करून रोज हेच विचारायचे. काळी चार ही माझी गाण्याची पट्टी. त्यांना ती माझ्या नावाइतकीच पाठ होती, तरी विचारायचे. मी म्हणायचे, "हो मास्तर, चारच." मग ते तपकिरीची चिमूट ओढायचे, आणि नाटक सुरू व्हायचं.

आज हा आवाज येतो तेव्हा दुपारचे तीन वाजलेत आणि मी माझ्या पलंगावर पडले आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आठ दिवस झालेत. सुनेनं, अश्विनीनं, डोळ्यांत थेंब घातलेत आणि बजावलंय, "आई, वीस मिनिटं डोळे उघडायचे नाहीत. आणि पडल्या पडल्या त्या लेखावर चिडायचंही नाही."

तो लेख तिनंच सकाळी वाचून दाखवला. मास्तरांना जाऊन चार वर्षं झाली, म्हणून कुणीतरी पेपरात लिहिलंय. सगळं नीट लिहिलंय. आणि मग ते वाक्य येतं, दरवर्षी कुठून ना कुठून येतंच: 'मास्तरांनी स्वरांवरून हात उचलून गायिकेला मोकळं सोडावं, हा मान मात्र एकट्या कुमुद आजरेकरांचा.'

संगीत नाटक ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते. आमच्यात ऑर्गनवाला म्हणजे सगळ्यांचा लगाम. त्यानं सूर धरायचा, त्यावर आम्ही जायचं. दुसऱ्या अंकात कुमुदचं पद शेवटच्या आवर्तनांना आलं की मास्तर दोन्ही हात खांद्यापर्यंत वर उचलायचे, शेवटच्या रांगेलाही दिसतील असे. ऑर्गन गप्प. कुमुद एकटी, खाली नुसता तबला. थिएटरात कुणी खोकायचंसुद्धा नाही. मग ती समेवर यायची, मास्तरांचे हात खाली पडायचे, आणि टाळ्या अशा की पुढचं वाक्य मला दोनदा म्हणावं लागायचं. कारण पुढचं वाक्य माझं असायचं. नायिका मी होते. सात पदं माझी, तीन तिची.

माझ्यासाठी बावीस वर्षांत एकदाही ते हात उचलले गेले नाहीत. माझ्या प्रत्येक तानेमागे मास्तरांची बोटं, उन्हात पायाला चिकटलेल्या सावलीसारखी. लोक म्हणायचे, काय साथ! मला ऐकू यायचं, हिला सोडलं तर ही पडेल.

का? एवढंच मला विचारायचं होतं. मास्तर होते तोवर धीर झाला नाही.

तांदूळ निवडताना माझी आई एक ओवी म्हणायची. ती आता पापण्यांच्या आत हळूहळू फिरते आहे:

शेजीच्या अंगणात जाई फुलली दाट गं
माझ्या दारी वास येतो, डोळा बघे वाट गं

थेंबांनी डोळे चुरचुरतात, मग गार होतात. पंखा लांब जातो. अश्विनीचा मिक्सर लांब जातो.

"काळी चारच ना गं?"

"हो मास्तर."

मी डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावर बसले आहे. हातात बिल्ला, बिल्ल्यावर आकडा नाही. समोर ओळीनं माणसं बसलीत, सगळ्यांच्या एका डोळ्यावर पट्टी, सगळी प्रेक्षकांसारखी माझ्याकडे बघताहेत. औषधं देतात त्या खिडकीपाशी ऑर्गन मांडलाय. मास्तर बसलेत. तीच काळी टोपी, तोच कोट, कोटावर तपकिरीचा तोच डाग.

"ये. चप्पल काढ," ते म्हणतात, "आणि पाय मार."

"मी?"

"मग काय मी? तिकडे वर आमच्यात कुणाचेच पाय जमिनीला लागत नाहीत. हातांचं काम मी करतो, पायांचं तू कर."

मी त्यांच्या शेजारी स्टुलावर टेकते आणि भात्याच्या पायपट्ट्यांवर अनवाणी पाय ठेवते. डावा, उजवा. डावा, उजवा. पट्ट्यांचं रबर खरखरीत, आडव्या रेघांचं आहे. ऑर्गन श्वास घेतो. मास्तर नुसता षड्ज धरून बसतात.

"कुमुदचे गुडघे कसे आहेत?"

माझे पाय थांबतात. षड्ज हिसका दिल्यासारखा मोडतो.

"मेल्यावरसुद्धा तीच का हो, मास्तर?"

"तिचे गुडघे दुखतात म्हणून विचारलं. तुझे दुखत असते तर तुझे विचारले असते."

"माझेही दुखतात."

"बघ! ते पण तिच्याहून कमी नकोत तुला." मास्तर हसतात. हसताना टोपी पुढे सरकते, ते ती कोपरानं मागे ढकलतात. हात स्वरांवरच. "पाय मार, बाई. वारा संपला."

मी पाय मारते. डावा, उजवा. दवाखान्याची फरशी हलते, कारण आता आम्ही कंपनीच्या ट्रकमध्ये मागच्या बाजूला बसलोय. ऑर्गन दोरानं बांधलाय, भोवती रंगवलेले पडदे गुंडाळून ठेवलेत. राजवाड्याचा एक खांब माझ्या पाठीला टोचतोय. ट्रक घाट उतरतोय. पट्टी बांधलेली माणसं झाडांमध्ये ओळीनं बसली आहेत.

"कुठे चाललोय?"

"सावंतवाडी."

सावंतवाडीच्या मुक्कामात उंदरानं ऑर्गनच्या भात्याचं कातडं कुरतडलं होतं. कुणाला पत्ता नाही. माझं तिसरं पद ऐन भरात असताना भाता फाटला. ऑर्गननं म्हाताऱ्यासारखा एक उसासा सोडला आणि बंद पडला. पदाची अर्धी वाट अजून चालायची होती. मी थांबले नाही. तबल्याच्या षड्जावर एकटी गेले आणि एकटी परत आले. विंगेत परतल्यावर मास्तरांनी हातपेटी मागवली, काळी चारचा सूर दाबून बघितला आणि म्हणाले, "गा." मी षड्ज लावला. केसाचंही अंतर नव्हतं. ते पेटी मिटून बाहेर निघून गेले.

आणि पुढच्याच मुक्कामी, बेळगावात, त्यांनी पहिल्यांदा हात उचलले. कुमुदसाठी.

त्या दिवसापासून मी काय काय केलं! कुमुदच्या पदाच्या वेळी विंगेत उभी राहून, ती कुठे चुकते याची वाट पाहिली. ती चुकायची नाही. तिच्या शालूच्या रंगाचा शालू मुद्दाम नेसले. तिच्या लेकीच्या लग्नात मास्तर वाजवणार आहेत हे कळलं, तेव्हा ताप आल्याचा निरोप धाडून घरी बसले, आणि ताप खरंच आला. त्यानंतर आम्ही बोललो नाही. अकरा वर्षं. तिचा नंबर मात्र मला पाठ आहे.

"मास्तर, तुम्ही माझ्यासाठी हात का उचलले नाहीत?"

विचारलं. अखेर विचारलं. ट्रक थांबलाय. आम्ही रंगमंचासमोरच्या खड्ड्यात आहोत आणि खड्ड्यात गुडघाभर तांदूळ आहेत, पांढरे, निवडलेले. वर रंगमंचावर दिवे लागलेत. तिथेही मीच उभी आहे, तिसाव्या वर्षातली, नाकात नथ. ती गाते आहे. तिच्या गळ्याला मी पायांनी वारा घालते आहे.

"ऐक की," मास्तर म्हणतात. "किती गोड गातेस."

"गोड गात होते, मग का?"

"पाय मंदावले तुझे."

"मास्तर, विषय बदलू नका. मी काय पोर आहे? चौऱ्याहत्तर वर्षांची झाले. बावीस वर्षं तुमची बोटं माझ्या गळ्याला धरून होती. तिला सोडलंत. मला नाही. मी पडले असते का?"

"तू?" मास्तर माझ्याकडे वळून बघतात. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू नाही, काहीच नाही, धुतलेल्या काचेसारखे आहेत. "तू कसली पडतेस!"

"मग आता उचला. आता कोण बघतंय? एकदा उचला."

वरची ती शेवटच्या आवर्तनाला आली आहे. मास्तर हात उचलायला जातात. कोपरं वर येतात, मनगटं वर येत नाहीत. मी वाकून बघते. दोन्ही मनगटांना तांबडा दोरा बांधलाय आणि दोऱ्याचं टोक स्वरपट्ट्यांच्या फटीत गेलंय. गाठ जुनी आहे, हळदीनं पिवळी पडलेली. मी नखांनी सोडवू बघते. सुटत नाही.

"हे काय?"

"शब्द दिला होता."

"कुणाला?"

मास्तर नुसता सूर धरून बसतात.

"कुणाला, मास्तर?"

"मी कसा सांगू? शब्दात तेही होतं ना. विचार की तिला. तिला विचारायला तुझं काय जातं?"

तिला! म्हणजे माझ्या गळ्याचं गुपितसुद्धा तिच्याकडे! मला उठून ऑर्गनचं झाकण त्यांच्या बोटांवर आपटावंसं वाटतं. पण पाय थांबवता येत नाहीत. थांबले तर वरची ती गप्प होईल. मी रडत रडत पाय मारते. डावा, उजवा. तांदूळ मांड्यांपर्यंत चढलेत, गार आहेत. मास्तर हळूच म्हणतात, "रागाव, पण लय सोडू नकोस."

"आई! अहो आई, काय चाललंय? पाय किती झाडताय!"

अश्विनी. पंखा. मिक्सर बंद आहे. मी डोळे उघडते. सगळं पाण्यातून दिसावं तसं दिसतं. पोटऱ्यांत गोळे आलेत. अश्विनी पायथ्याशी बसून माझे पाय चोळायला घेते आणि थबकते.

"हे काय झालंय? कशावर उभ्या होतात?"

"कुठे उभी राहणार? झोपले होते."

ती माझा पाय वळवून मला दाखवते. तळव्यावर टाचेपासून चवड्यापर्यंत आडव्या रेघा. खोल, लाल, एकसारख्या अंतरावर. दुसऱ्या पायावरही तशाच. पलंगावर गादी, गादीवर मऊ सुती चादर. अश्विनी चादर झटकून बघते. तिला काही सापडत नाही. मी रेघांवरून बोट फिरवते. बोटाला लागतात.

"फोन दे," मी म्हणते.

"डॉक्टरांना लावू?"

"कोल्हापूरला लाव. मी सांगते नंबर."

नंबर मी न अडखळता सांगते. अश्विनी माझ्याकडे बघत राहते, पण लावते. घंटा वाजते. चार वेळा, पाच वेळा. मग तो आवाज येतो. जाड झालाय, जरा कापतोय, पण तोच.

"कोण?"

"शालन."

पलीकडे भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज होतो. "कोण गेलं?" कुमुद विचारते.

"कुणी गेलं नाही."

"मग तू कशाला फोन करशील? अकरा वर्षांनी फोन म्हणजे कुणीतरी गेलंच असणार. खरं सांग, मी बसलेली आहे."

"कुणी गेलं नाही गं. आलं होतं. मास्तर आले होते. आत्ता, दुपारी."

ती हसत नाही. "बरे होते?"

"तुझ्या गुडघ्यांची चौकशी करत होते."

"मेले, कुठे गेले तरी सुधारणार नाहीत," ती म्हणते, आणि आवाज फाटतो.

"कुमुद, मी त्यांना एक विचारलं. ते म्हणाले, तिला विचार."

"काय विचारलंस?"

"तुला माहीत आहे."

अश्विनी माझे पाय मांडीवर घेऊन तशीच बसली आहे. फोन ठेवावा असं मला वाटतं. ती काय सांगेल ते मी इतकी वर्षं मनात घोकलंय: तू पडली असतीस, शालन. तुला सोडण्यासारखं गाणं तुझं नव्हतं. ते आता तिच्या तोंडून ऐकायचं. पण ठेवत नाही.

"सावंतवाडीला भाता फाटला तेव्हा मी विंगेत होते," कुमुद म्हणते. "तू एकटी गायलीस. मास्तर बाहेर गेले म्हणून मी त्यांच्या मागून गेले. पायरीवर बसून रडत होते ते. मला म्हणाले, बेळगावपासून मी शालनसाठी हात उचलणार, ती काय आहे ते लोकांना कळू दे."

मी फोन कानाशी घट्ट धरते.

"मी त्यांचे पाय धरले, शालन. म्हटलं, नायिका ती, पदं तिची, फोटो तिचा. हेही तिला दिलंत तर मला कोण ऐकायला येईल? घरात नवरा आजारी, पदरात पोर. कंपनीनं मला काढलं असतं. म्हटलं, हे एवढं मला द्या. आणि तिला कधी सांगू नका. त्यांनी दिलं. शब्दाचा माणूस होता तो, शेवटपर्यंत पाळला. मलाच वाटत राहिलं की मोडतील तर बरं."

"आणि तू गायलीस," मी म्हणते. माझा आवाज माझ्या ओळखीचा नाही. "एकटी गायलीस. चांगली गायलीस. मी रोज ऐकत होते."

"काय ऐकत होतीस? हात वर गेले की मी कोरी व्हायचे. पुढचं काही सुचायचं नाही. म्हणून मी माझ्या पदात रोज तेच गायचे, सावंतवाडीला तू गायलीस तसं. तुझीच तान, तुझाच श्वास, तू थांबलीस तिथेच थांबायचं. बावीस वर्षं लोकांनी माझ्या तोंडून तुलाच ऐकलं, शालन. आणि तू विंगेत उभी राहून माझ्याकडे रागानं बघायचीस, तेव्हा मला रोज वाटायचं, आज हिनं ओळखलं."