गुलाबी ब्रेड आणि वहिनींचा हात

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. देवासमोर बसल्यावर मनात आलंच, तर तिथेही पटकन विषय बदलते. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आमच्या महिला मंडळात नाही आणि होळीला आमच्याकडे जेवायला येत नाही. मला तेवढं पुरे आहे.

आधीच सांगून टाकते — चोरी नाही, मारामारी नाही, काही नाही. ब्रेडची गोष्ट आहे. हसा, खुशाल हसा. मीही बरेच दिवस हसत होते.

मी शुभा. इंदूरच्या जुनी इंदूर मोहल्ल्यात राहते. एका शाळेच्या ऑफिसात अठ्ठावीस वर्षं फाइली सांभाळल्या आणि रिटायर झाले. घर दोन मजली. खाली मी आणि माझे मिस्टर, वर माझ्या मोठ्या जाऊबाई, सुमनवहिनी. भावजी गेले, मुलगा बेंगलोरला, त्यामुळे वहिनी वर एकट्या. पण एकट्या कसल्या? दिवसातून दहा वेळा जिना खालीवर चालू असतो. आणि त्यांची पुरणपोळी! ती एकदा खाल्लेला माणूस दुसऱ्याच्या घरची पोळी नुसता पाहुणचार म्हणून खातो. होळीला आमच्याकडे देवास, उज्जैन, कुठून कुठून माणसं येतात — पंचवीस पानं तर नक्की. ती काय आम्हाला बघायला येतात? आणि त्या पंक्तीत माझं काम काय, माहितीये? तूप वाढणं. तीस वर्षं मी तूप वाढलं हो. एकानेही कधी म्हटलं नाही, शुभा, काय सुरेख तूप वाढलंस.

तर रिटायर झाल्यावर मी ओव्हन घेतला. मोबाइलवर बघून बघून ब्रेड शिकले, तोही साधा नाही, भाज्या घालून. पालकाचा हिरवा, कद्दूचा, म्हणजे तुमच्या लाल भोपळ्याचा, पिवळा आणि चुकंदराचा, म्हणजे बिटाचा, गुलाबी. मैदा-कणीक निम्मी निम्मी, फुगायला खमीर, वाटलेली भाजी, जरासं तेल. आमच्या घरात हे कुणालाच येत नव्हतं. वहिनींनासुद्धा नाही. हे वाक्य बोलतानासुद्धा बघा, मला अजून बरं वाटतं.

कद्दू शहाणा आहे, त्याचा पिवळा रंग टिकतो. पालक जरा मलूल होतो, पण चालतं. चुकंदर मात्र पक्का दगाबाज. मळताना असा रंग, असा रंग की परातीवरून नजर हलू नये. फुगून आला की आणखी देखणा. आणि ओव्हनमधून बाहेर येतो तो तपकिरी! कापून बघावं तर आत मातकट. कुठे गेला रंग? अहो, मी ओव्हनच्या आत डोकावून शोधलाय.

आणि मी तर तुकोगंजातल्या आमच्या मंडळात छातीठोकपणे सांगून बसले होते — या वेळचा तिरंगी ब्रेड माझ्याकडून. कार्यक्रम संध्याकाळी. सकाळपासून चुकंदराचे दोन ब्रेड भाजले, दोन्ही तपकिरी. दुपारी मिस्टर झोपले होते. आणि मग —

थांबा, पाणी पिऊन येते.

हां. मग मी वरच्या फळीवरून ती बाटली काढली. खाण्याचा लाल रंग, नातवाच्या वाढदिवसाच्या केकसाठी आणलेला. तिसऱ्या परातीत चुकंदर घातलंच, खोटं कशाला बोलू, पण बरोबर पाऊण चमचा रंगही घातला. संध्याकाळी ब्रेड कापला आणि अख्खा हॉल ‘अय्या’ म्हणाला. चाळीस बायका. एक जण म्हणाली, क्या बात है, शुभाताई, काय घातलंत? मी म्हटलं, फक्त चुकंदर.

झालं. दोन शब्द.

तुम्हाला वाटलं, हाच तो अपराध? एवढंच असतं तर मी तोंड उघडलं नसतं. इंदूरमध्ये रोज सकाळी पोह्यांबरोबर जिलबी खाणाऱ्या माणसाने रंगाचं काय मनावर घ्यायचं? माझी गोष्ट पुढे आहे. मी जरा आडून आडून चाललेय, कळतंय मला.

मंडळात मी एकदम ‘ब्रेडवाल्या शुभाताई’ झाले. भाजी न खाणारी पोरं माझा ब्रेड मागून खाऊ लागली. एका नातवाची जीभ दिवसभर लाल राहिली, तर त्याची आजी सगळ्यांना सांगत सुटली — बघा, चुकंदरातलं लोह कसं अंगी लागतं! मी मान डोलावली. घरी मात्र बाटली कुठे ठेवायची हा प्रश्नच होता. आमचे मिस्टर शेवेच्या शोधात घरातला कुठलाही डबा उघडतात. शेवटी कारल्याच्या चूर्णाच्या डब्यात ठेवली. तिथे ते जन्मात हात घालणार नाहीत.

मग एका बाईने विचारलंच. माझा ब्रेड तपकिरी का होतो हो? मी एका क्षणाचाही विचार न करता म्हटलं, तुमच्याकडे बोरिंगचं पाणी ना? आमच्याकडे नर्मदेचं. बस! पुढे कुणी काही विचारलं नाही. या शहरात नर्मदेच्या पाण्याबद्दल काहीही सांगा, लोक मानतात. त्या बाई पुढच्या आठवड्यात बहिणीकडून नर्मदेच्या नळाचं पाणी कॅनमध्ये भरून घेऊन गेल्या, रिक्षाने. तरीही तपकिरीच झाला म्हणाल्या. मी म्हटलं, कॅन प्लॅस्टिकचा होता ना?

अशी मी. बेशरम. आणि मजेत.

आणि मग एक दिवस वहिनी जिना उतरून आल्या, पदर खोचून, आणि म्हणाल्या, “शुभा, मलाही शिकव ग तो गुलाबी ब्रेड. मतलब, मुलगा येतोय ना सुटीत, त्याला दाखवीन.”

आता वहिनींना मी पाण्याचं कसं सांगणार? टंकी एकच. चुकंदर एकाच ठेल्यावरून घेतलेलं, मैदा माझ्याच डब्यातला, ओव्हनही माझाच. कसं सुटायचं? पहिला ब्रेड तपकिरी झाला. आम्ही दोघी ओव्हनच्या काचेसमोर खाली बसून बघत होतो, डोळ्यांसमोर रंग गेला. मी म्हटलं, चुकंदर शिळं असेल. दुसऱ्या वेळी त्या सकाळी सातला ठेल्यावर जाऊन उभ्या राहिल्या. तपकिरी. मी म्हटलं, मळताना तुम्ही बोलत होतात ना, वहिनी? ब्रेडला ते चालत नाही. तिसऱ्या वेळी माझी ही सत्तरीची जाऊ तोंड घट्ट मिटून मळत बसली. मध्ये बेंगलोरहून मुलाचा फोन आला, तर त्यांनी मला खुणेने सांगितलं, तूच बोल. मी मुलाला सांगितलं, आई ब्रेड करतेय, आत्ता बोलता येत नाही. आतल्या आत मला इतकं हसू येत होतं की काय सांगू.

तिसराही तपकिरी. तेव्हा त्या पाटावर टेकल्या आणि म्हणाल्या, “सगळं तुझ्यासारखंच केलं ग. मग माझं चुकतंय कुठे?”

सांगायला सोपं होतं की नाही? चूर्णाचा डबा हाताच्या अंतरावर होता. दोघी पोट धरधरून हसलो असतो. वहिनी तशाच आहेत, त्यांनी मला चिडवून चिडवून नकोसं केलं असतं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच रंगाची बाटली आणली असती. मला हे तेव्हाही माहीत होतं. आणि मी काय म्हटलं? म्हटलं, “वहिनी, तुमचा हात गरम आहे.”

कुठून सुचलं, मला माहीत नाही. पण तोंडातून निघालं, आणि निघाल्यावर खरं वाटेल असं वाटलं, म्हणून पुढे चालू ठेवलं. काही लोकांचा हात गरम असतो, रंग टिकत नाही, खमीर बिथरतं. असंच काहीतरी. वहिनींनी दोन्ही तळवे उलटसुलट करून बघितले. मग एक तळवा स्वतःच्या गालाला लावला. आणि मग माझ्या गालाला लावून विचारलं, “बघ ग, खरंच लागतो का?”

जानेवारीचा महिना होता. त्यांनी नुकतीच परात धुतली होती. हात असा गार की माझ्या अंगावर काटा आला.

मी म्हटलं, हो ना.

हेच ते. हेच सांगायचं होतं.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा बोलण्याने काय होतं? मलाही तसंच वाटलं. दोन दिवसांत विसरतील म्हटलं. पण वहिनी साध्या आहेत, एखादी गोष्ट मानली की पूर्ण मानतात. त्यांनी हसत हसत सगळ्यांना सांगायला सुरुवात केली — शेजारणीला, भाजीवाल्याला, फोनवर मुलाला. माझा हात गरम आहे म्हणे, शुभाने ओळखलं. आणि मग मागचं सगळं आठवून आठवून त्या हाताच्या नावावर घालू लागल्या. मुलाच्या मुंजीत दही लागलं नव्हतं, ते म्हणूनच. एका वर्षी कैरीचं लोणचं बिघडलं, ते म्हणूनच. आता मला सांगा, पन्नास वर्षांच्या स्वयंपाकात कुणाचं एक लोणचं बिघडत नाही? विरजण लावणं सोडलं त्यांनी. वरून वाटी घेऊन खाली यायच्या, “तू लाव ग, तुझा हात थंड.” आणि मी लावायची. मला त्याची लाज वाटली का? नाही वाटली. बरं वाटलं. घरात तीस वर्षांनी माझ्या हाताचं नाव निघत होतं, ते मी चवीने ऐकत होते. हे सांगताना मात्र आता लाज वाटतेय.

मध्ये एक संधी आली होती, तीही सांगते, लपवून काय उपयोग. माझी भाची म्हणाली, मावशी, मळताना लिंबू पिळून बघ, चुकंदराचा रंग पुष्कळ टिकतो. केलं. खरंच टिकला हो! बाटलीइतका भडक नाही, पण चांगला गुलाबी. तो ब्रेड हातात घेऊन मी जिन्याच्या चार पायऱ्या चढले. आणि उतरले. वहिनींना लिंबाचं सांगितलं असतं, तर त्यांचाही ब्रेड गुलाबी झाला असता, आणि मग गरम हाताचं काय? त्यांनी विचारलं असतंच की नाही? तो अख्खा ब्रेड मी मिस्टरांना चहाबरोबर घातला. ते म्हणाले, आज रंग जरा कमी आहे.

आणि होळी आली. आठ दिवस आधी वहिनी म्हणाल्या, या वर्षीपासून पोळ्या तू कर. मी म्हटलं, काहीतरीच काय. तर म्हणाल्या, एवढी माणसं येतात, माझ्या हाताने काही कमी-जास्त झालं तर? पुरण शिजवते, वाटून देते, पण लाटायला नको. मी जास्त आग्रह केला नाही. खरं सांगू? मनात म्हटलं, बघू तरी.

होळीच्या दिवशी स्वयंपाकघरात आम्ही दोघीच. बाहेर माणसं बसलेली, देवासचे काका मोठ्यांदा विचारतायत, सुमनबाई, कुठवर आलं? पहिली पोळी फाटली. दुसरी तव्यावर टाकताना दुमडली. तिसरीतून पुरण बाहेर येऊन जळालं, सगळीकडे धूर. वहिनी शेजारी वेलदोडे सोलत बसल्या होत्या. चौथीही किनारीला उसवली, तेव्हा त्यांचा हात आपोआप पुढे आला. लाटण्यापर्यंत आला. बोटं लाटण्यावर टेकलीसुद्धा. आणि त्या थांबल्या.

“नको ग,” म्हणाल्या. “माझा हात लागला तर आहे तेही बिघडेल.”

असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं. ‘काही बिघडत नाही’ असं मी म्हणेन, याची वाट बघत होत्या. स्पष्ट दिसत होतं ते, मला दिसलं.

मी म्हटलं, “हो वहिनी, राहू द्या.”

त्यांनी हात मागे घेतला आणि पदरात गुंडाळून मांडीवर ठेवला. मी पाचवी पोळी लाटायला घेतली.