सूचना क्रमांक चार

नीटचा पेपर झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. सकाळी लातूरला माझ्या क्लासच्या ऑफिसात ताई आली, समोरच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "झाली न परीक्षा? आता सांगते." छातीत गाठ होती... वर्ष होत आलं होतं.

मला आधी कळलंच नाही ती काय बोलतेय. कळलं तेव्हा हातातला चहा टेबलावर सांडला आणि मी वेड्यासारखा तो चहाच पुसत बसलो.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. भूकंपात आई-बाबा गेले तेव्हा ती तेरा वर्षांची होती आणि मी सहा. मला तिनं वाढवलं, एमएस्सीला नांदेडला पाठवलं, आज 'केमिस्ट्रीवाले सर' म्हणून जो काही तोरा मिरवतो तो सगळा तिच्या जिवावर. गेली दोन वर्षं शिरूर अनंतपाळचं घर बंद ठेवून ती लेकीसाठी लातुरात खोली घेऊन राहत होती. भाची माझ्याच क्लासला.

"अगं, मला तरी सांगायचंस!" मी ओरडलोच.

ती शांत. "तूच म्हणला न स्टेजवरून, घरचं काईबी लेकराच्या कानावर जाऊ द्यायचं न्हाई. तुला सांगितलं असतं तर तुझ्या तोंडावरून वळखलं असतं तिनं."

हो... म्हणालो होतो. दरवर्षी म्हणतो. पालकसभेत आम्ही सूचनांचा छापील कागद वाटतो, त्यातली चौथी सूचना अशी: 'परीक्षा होईपर्यंत घरातील आजारपण, भांडणे, दुःखद बातम्या विद्यार्थ्यास कळू देऊ नयेत.' हे वाक्य मी जरा आवाज चढवून वाचतो आणि टाळ्या पडतात. त्या वर्षी पहिल्या रांगेत बसून ताईनंही वाजवल्या होत्या.

त्याच आठवड्यात नांदेडला गेलो. तपासण्या झाल्या आणि कॅन्सरच निघाला. काखेतल्या गाठींपर्यंत गेलेला. "थोडं आधी यायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले.

दुसरा धक्का इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत. ताईचं हृदय कमजोर निघालं, आणि या आजारात नेहमी देतात ते लाल रंगाचं औषध हृदयावरच ताण आणतं. म्हणजे आजारानं नाही तर औषधानं... ताईच मला म्हणाली, बस खाली.

मग डॉक्टरांनी दुसरा रस्ता सांगितला. औषध तेच, पण नॅनोपार्टिकलमध्ये भरलेलं. त्यानं हृदयाला धोका बराच कमी होतो. ते सांगत होते, मी मान डोलवत होतो. बाहेर आल्यावर ताई म्हणाली, "सांग रे नीट. तू तर शिकवतो हे."

काय सांगणार, कपाळ? माझ्या नोट्समध्ये नॅनोपार्टिकल्सचा एकच परिच्छेद आहे. बारा वर्षं मी त्यावर एकच वाक्य बोलत आलोय, "एका मार्काचं आहे, वाचून घ्या, पुढं चला." सख्ख्या बहिणीचा जीव ज्याच्यावर अवलंबून, ते मला धड समजावता येत नव्हतं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

हॉस्पिटलच्या बाकावर बसून दुपारभर मोबाईलवर वाचलं. मग ताईला सांगितलं... करंजीत सारण असतं तसं हे औषध चरबीच्या अतिबारीक पारीत बंद असतं. चांगल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती घट्ट, तिथून ते सहसा बाहेर पडत नाही, म्हणून हृदय बरंचसं वाचतं. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईत वाढलेल्या, त्यांना फटी राहतात, तिथं ते झिरपतं.

"म्हंजे भेगंतून आत शिरतंय," ताई म्हणाली. "भेगा मला नको शिकवू. भूकंपात लई बघितल्या." आणि चक्क हसली. मला मात्र तिथंच रडू फुटलं.

आता कुणी हे वाचून लगेच असंच औषध मागू नका... कुणाला काय द्यायचं ते डॉक्टरच ठरवतात. आणि ही काही जादूही नाही. दुसऱ्या डोसनंतर ताईच्या तळहातांची सालं निघाली, गरम भाकरीला हात लावता येईना. भाकरी भाची करायला लागली. लेकीला आम्ही पहिल्याच दिवशी सगळं सांगून टाकलं होतं. ती रडली, आईवर चिडली, माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. मग म्हणाली, "मामा, कळलं असतं तर मी अभ्यास सोडला असता असं वाटलं का तुम्हाला?"

परवा, तीन डोस झाल्यावर, पुन्हा नांदेडला तपासणी होती. गाठ निम्म्याहून लहान झालीय, हृदय होतं तसंच आहे. ऑपरेशन बाकी आहे, पुढचं पुढं.

यंदाच्या कागदावरून चौथी सूचना काढली. पालकसभेत त्या जागी मी ताईची गोष्ट सांगितली. टाळ्या पडल्या नाहीत, पण सभा संपल्यावर दोन मुलांच्या आया तिथं आलेल्या माझ्या बायकोशी बाजूला काहीतरी बोलत होत्या... दोघींना तिनं दुसऱ्याच दिवशी तपासणीला नेलं.

हो, परवाचं राहिलंच. डॉक्टरांच्या केबिनमधून बाहेर आलो तर समोर भाची रिपोर्टची वाट बघत उभी. ताईनं माझ्याकडं वळून अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं,

"सर, हे सांगितलं तर चालंल न लेकराला?"