पाळण्यातल्या बाहुल्या

किळस हा शब्द मी एरवी तुंबलेल्या नालीसाठी वापरते. पण आमच्या चाकणच्या कंपनीतलं पाळणाघर आठवलं की पहिला तोच शब्द तोंडात येतो. आणि तिथं तर घाणीचा एक ठिपका नव्हता.

मी गाड्यांच्या वायरिंगच्या लाइनवर होते, कॉन्ट्रॅक्टवर. लेक चार महिन्यांची झाली आणि परत कामावर लागले. सासर-माहेर दोन्ही परभणीकडं, आमचे हे कायम शिफ्टवर, मग पोर सांभाळणार कोण? कंपनीनं गेटाजवळ पाळणाघर काढलंय, मधूनमधून जाऊन अंगावर पाजता येतं, असं कळलं म्हणून मी आले. लेकीला बाटली अजिबात चालत नव्हती. बाटली ओठाला लागली की असं तोंड वाकडं करायची, जणू मी काढाच पाजतेय.

खोटं कशाला बोलू, सुरुवातीला बरं चाललं होतं. सांभाळणारी मावशी मायेची होती. मी लाइनवरून पळत जायचे, लेकीला पाजायचे, पळत परत यायचे.

आमच्या कंपनीत प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली. खाली पिवळी पट्टी, वर नावाची पाटी. झाडूलासुद्धा पट्टी. वस्तू जरा बाहेर सरकली की सुपरवायझर बोंबललाच. मशीनला ते ठीक आहे हो. पण ऑडिट जवळ आलं तसं हे खूळ पाळणाघरात शिरलं. ऑडिट म्हणजे आमचा माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीची माणसं येतात आणि कानाकोपरा तपासतात. कामगारांच्या बाळांची सोय काय आहे, तेही बघणार होती. झालं, पाळण्यांखाली पट्ट्या आल्या, पाळण्यांना नंबर लागले.

आदल्या दिवशी एचआरच्या मॅडम आम्हा आयांना गोळा करून म्हणाल्या, "उद्या बाळांना घरीच ठेवा हं ताई. रडारड, ओलं-सुकं, पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही."

"बाळांची सोय बघायला येणार, आणि बाळंच नकोत?" मी विचारलं.

"तुम्हाला नाही कळायचं ते."

"मग मीही घरीच राहते."

"उद्या लाइन भरलेली दिसली पाहिजे. यायचं नसेल तर कॉन्ट्रॅक्टरशी बोलून घ्या, कायमचंच."

बाकीच्या बायकांनी शेजारणी गाठल्या, नणंदा गाठल्या. मला कोण होतं? सकाळी लेकीला छातीशी धरून बसमधून उतरले. मॅडमच्या कपाळाला आठ्या पडल्या. मावशीला म्हणाल्या, "हिला मागच्या स्टोअरमध्ये ठेवा. आवाज बाहेर येता कामा नये."

जाता जाता मी पाळणाघरात डोकावले. प्रत्येक पाळण्यात बाहुली! प्लास्टिकची, गोरीपान, निळ्या डोळ्यांची, डोक्याला टोपरं. लेकीच्या पाळण्यातही तेच ध्यान, आणि तेही मी घरून आणलेल्या दुपट्यावर. शी! हे कुणाच्या डोक्यातून निघालं असेल, आणि बाकीच्यांनी माना कशा डोलावल्या असतील?

त्या दिवशी पाजायची सुट्टी बंद. पाहुणे जाईपर्यंत कुणी जागा सोडायची नाही, असा हुकूम. माझी छाती दगडासारखी झाली. दूध गळून शर्ट भिजला. सुपरवायझरनं बघितलं आणि ॲप्रन माझ्या अंगावर फेकला. "झाका ते. पाहुणे येतायत." झाका ते! मेल्या, तू काय बाहुलीच्या पोटी जन्मलास? तोंडावर म्हणता आलं नाही, मनात मात्र यथेच्छ शिव्या घातल्या.

पाहुणे आले. त्यातल्या एकानं हसून विचारलं, "बच्चों का रूम कैसा है?" मी तोंड उघडायच्या आत मॅडम म्हणाल्या, "सब बहुत खुश हैं, सर." तो पुढं सरकला.

दुपार टळल्यावर ते गेले आणि मी स्टोअरकडं धावले. लेक खोक्याच्या पुठ्ठ्यावर पडली होती. रडून रडून गळा बसला होता, डोळे सुजले होते. मावशी रडकुंडीला आली होती. "काय करू गं बाई, थांबेचना. मॅडम दोनदा येऊन ओरडल्या, गप करा म्हणाल्या. मग बिस्किट साखरपाण्यात कालवून भरवलं." पाच महिन्यांच्या जिवाला बिस्किट! मावशीवर तरी काय ओरडू?

लेकीला उचललं आणि सरळ पाळणाघरात जाऊन भिंतीला टेकून बसले. तिला छातीशी घेतलं. तिनं तोंड फिरवलं. परत घेतलं, परत फिरवलं. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं. माझी पोर, जिला माझ्याशिवाय दुसरं काही चालत नव्हतं, ती मला ढकलत होती. मला हुंदकाच फुटला. छाती ठणकत होती, दाबल्याशिवाय गत नव्हती. मी तिथंच दूध पिळलं, त्या चकचकीत फरशीवर. ते पसरत जाऊन पिवळ्या पट्टीला टेकलं.

तेवढ्यात मॅडम फोन नाचवत आत आल्या. "ताई, पाळणाघराला पैकीच्या पैकी मार्क!" मग खाली बघितलं. "अहो, हे काय! फरशी पुसा आधी!"

मी शर्टची बटणं लावली, लेकीला खांद्यावर टाकलं.

"त्या आहेत ना कामाला," मी पाळण्यांकडं हात केला. "त्यांना सांगा पुसायला."