मधातली दांडी

मी चौथीपर्यंत शिकलो, तेही अर्धमुर्धं. पण टोपलीच्या कामात मला कोणी शिकवावं असा माणूस आमच्या गावात नाही. बांबूच्या कामट्या आडव्या-उभ्या टाकायच्या, त्या फुलीवर बूड बसवायचं, मग गोल विणत वर यायचं.

माझी मुलगी सिकलची, जन्मापासून रक्ताचा आजार. दुखणं उठलं की गडचिरोलीच्या दवाखान्यात भरती. तिथं ती मोबाईलवर आकाशगंगांचे फोटो पाहत पडून राही. शास्त्रज्ञांकडे फोटो ढीगभर, पाहायला माणसं कमी. म्हणून घरबसल्या कोणीही पाहून कळवायचं, आकाशगंगेच्या मधात, म्हणजे मध्यभागी, ताऱ्यांची दांडी आहे की नाही, हात किती आहेत. शेवटच्या खेपेला सलाईनमुळे तिला बोट हलवता येईना, म्हणून मोबाईल मी धरला.

"बाबा, पाहा. मधात पिवळी दांडी हाय, म्हाताऱ्या ताऱ्यायची. तिच्या दोन टोकांतून निळे हात निघाले, त्यात नवे तारे."

"मले तं नुसता ठिपका दिसून राह्यला."

"लय दूर हाय ते. माणूस नव्हता तवा निघालेला उजेड हाय. दोन बोटांनं मोठं करा."

मी मोठं केलं. म्हणालो, "जे गोल असते त्याचं बूड फुलीवर राह्यते. एका दांडीवर काईच टिकत नाई."

ती हसली. "टोपली नोहे ते, बाबा!"

शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "भाऊ, पोरगी शिकलेली हाय. आयका न तिचं."

ते मला लागलं. वॉर्डभर माणसं ऐकत होती. "तिले शिकवलं कोणं? मीच न?" म्हणालो आणि 'दांडी नाही' लिहिलं होतं तिथं बोट दाबून दिलं.

पोरीनं तोंड भिंतीकडे केलं. तशीच म्हणाली, "माह्या नावावर गेलं ते, बाबा. आता बदलत नाई." सांजेला मी पेज आणली, ती तिनं घेतली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

माती देऊन आल्यावर मोबाईल उघडला. तो फोटो तिनं ठेवून दिला होता. दांडी होती. सरळ, पिवळी, दोन्ही टोकांना एकेक निळा हात. कुठल्या तरी शास्त्रज्ञाकडे आज माझ्या पोरीच्या नावावर लिहिलेलं असेल, दांडी नाही.

लोकांना मी सांगतो, माझी नजर अधू झाली होती. नजर माझी आजही चांगली आहे. वॉर्डात फोटो मोठा केला तेव्हाच मला दांडी दिसली होती.