बंपरखालचा काळा दोरा

जुन्या गाड्यांच्या शोरूममध्ये मी त्या लाल, वेगवान गाडीत खोट शोधत होतो. सापडली असती तर मुलीला नाही म्हणता आलं असतं. ती स्कूटरवरून परत येईपर्यंतही मी गॅलरीत उभा असतो. पण रंग एकसारखा होता, टायर चांगले होते, थंड इंजिनही चटकन सुरू झालं.

शेवटी गुडघे टेकून खाली वाकलो. बंपरच्या आत कोणीतरी दृष्ट लागू नये म्हणून काळा दोरा बांधला होता. दोऱ्याने वेग कुठे आवरतो? पण बांधणाऱ्याच्या हातात तरी दुसरं काय होतं?

"बाबा, काही सापडलं?" मुलीने विचारलं.

"काही नाही," म्हणालो, आणि दोऱ्याची सैल झालेली गाठ घट्ट केली.