तीन ठिकाणी ठेवलेला आवाज

शरदचंद्र मूळचा हिंगोलीकडचा. हिंजवडीतल्या एका कंपनीत नोकरी, आणि राहायला भूगावात, हैबतरावांच्या घरावरच्या खोलीत. माणूस सरळ, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही; पण बॅकअपचा विषय निघाला की याच्या अंगात यायचं. "ठेवलं म्हणजे राहिलं असं नसतं. उघडून बघाल तेव्हा खरं," हे तो आल्यागेल्याला ऐकवायचा. चहाच्या टपरीवरसुद्धा.

त्याची कंपनी दुसऱ्यांच्या फायलींच्या प्रती सांभाळायची. २००८ सालच्या सुरुवातीला यानं भंगारात निघालेले तीन सर्व्हर मागून घेतले आणि सॉफ्टवेअरनं एकमेकांशी असे जोडले की बाहेरून बघणाऱ्याला एकच मोठं कपाट दिसावं. आत ठेवलेली प्रत्येक फाइल तिन्ही मशीनवर. पहिल्याच महिन्यात एक डिस्क गेली आणि ऑफिसात कुणाला पत्ताही लागला नाही. यानं जेवण उरकून, बडीशेप खाऊन सावकाश नवी बसवली. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो त्या कपाटातून कुठलीही एक फाइल काढायचा, उघडायचा, नीट वाचता येते का बघायचा. पोरं चेष्टा करायची, "आज साहेबांचा सोमवार, चहा मागू नका." तो चिडायचा नाही. खरं सांगायचं तर त्याला त्याचा थोडा माजच होता.

त्या मे महिन्यात घरमालकांच्या सायलीचं लग्न झालं. शूटिंगवाला ठरवू दिला नाही तिच्या थोरल्या भावानं. इंद्रजित म्हणाला, "मीच काढतो की." मित्राचा कॅमेरा आणून हळदीपासून पाठवणीपर्यंत तोच सगळ्यांच्या तोंडासमोर नाचत होता. साहजिकच तो स्वतः कुठे दिसणार नव्हता, पण बोलत मात्र अखंड होता. "आई, हिकडं बग की," असं चंद्राबाईंना तर दहा वेळा म्हणाला असेल. सगळं घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून त्यानं कॅमेरा परत दिला, पण "नीट कापूनजोडून मगच दाखवतो," म्हणत कुणाला बघू दिलं नाही. आणि जुलैत पौड रस्त्यावर एका डंपरनं त्याला नेलं. सव्वीस वर्षांचा होता.

त्या घरात मग रेडिओसुद्धा लागेना. दुखवट्याचं वर्ष, वर्षश्राद्ध होईपर्यंत लग्नाची वाजंत्री घरात वाजवायची नाही, म्हणजे ते शूटिंगही लावायचं नाही, असं चंद्राबाईंनीच ठरवलं. पण कॉम्प्युटर कटकट आवाज करू लागला, तशा त्या जिना चढून वर आल्या. शरदचंद्रनं शूटिंग उतरवून घेतलं ते वेळेवरच, कारण आठवड्यात ती डिस्क मेली.

सायली माहेरी आली होती. ती म्हणाली, "दादा, एक सीडी करून द्या की आईला."

"सीडीला आपल्या मुळशीच्या पावसात बुरशी लागते," शरदचंद्र हसला. "माझ्याकडे तीन ठिकाणी राहील. एक मशीन जळालं तर दुसऱ्यात, दुसरं गेलं तर तिसऱ्यात."

चंद्राबाईंना ते लगेच पटलं. "म्हंजी आमी आंबेमोहोराचं बी तीन घरी ठिवतो तसं. ऱ्हाऊ दे सायले. साहेबांकडं लई जपून ऱ्हाईल."

ऑफिसच्या मशीनवर घरचं काही ठेवायची परवानगी नव्हती. म्हणून त्यानं ते कुठल्याही नोंदीत न घालता, चंद्राबाईंच्या नावाचा फोल्डर करून गुपचूप आत ठेवलं, आणि ज्या डिस्कवर घरून आणलं होतं ती पुसून पुन्हा कामाला लावली. उघडून बघितलं नाही. जे आईनं ऐकलं नाही ते आपण आधी कसं ऐकायचं, असं त्याला वाटलं. वाटलं ते चांगलंच होतं, त्याला नावं ठेवता येत नाहीत.

पुढल्या एप्रिलमध्ये कपाट भरत आलं. यानं नेहमीच्या टापटिपीनं एक नियम लिहिला: नोंदीत नाव नसलेलं आणि तीन महिने कुणी हात न लावलेलं जे काही असेल ते आपोआप पुसलं जावं. गिऱ्हाइकांची नावं दोनदा तपासली. आपण स्वतः बिननोंदीचं काय ठेवलंय, हे या शहाण्याच्या डोक्यातच आलं नाही.

वर्षश्राद्धाला तीन दिवस होते. तो फोल्डर काढायला बसला तर फोल्डर नाही. दुसऱ्या मशीनवर नाही, तिसऱ्यावर नाही. पुसल्याची नोंद मात्र तिन्हीकडे एकाच मिनिटाची. एक मशीन मेलं तर दोन उरावीत म्हणून त्यानं एवढं केलं होतं. पण पुसा म्हटल्यावर तिघांनीही मुकाट्यानं पुसलं. रिकाम्या जागेवर केव्हाच गिऱ्हाइकांच्या फायली येऊन बसल्या होत्या. दोन दिवस तो खणत राहिला. तिसऱ्या दिवशी संडासात जाऊन रडला आणि तोंड धुऊन घरी आला.

चंद्राबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. उद्याचे. त्यानं उभ्यानंच सांगितलं, काही लपवलं नाही. नियम आपणच लिहिला, सीडी आपणच करू दिली नाही, हेही सांगितलं.

त्यांनी सूप खाली ठेवलं. त्या ओरडल्या असत्या, हाकललं असतं, तर त्याला बरं वाटलं असतं.

"पर तुमी तर आयकलं आसंल," त्या म्हणाल्या. "म्हैन्याच्या म्हैन्याला उघडून बगता न्हवं तुमी? काय काय बोलत व्हता त्यो, तेवडं सांगा मला."

खोटं बोलायला एवढी सोपी जागा त्याला जन्मात मिळाली नव्हती. "मावशी, मी उघडलंच नाही," तो म्हणाला.

"म्हंजी कुनीच न्हाई आयकलं."

"नाही."

त्यांनी पुन्हा सूप मांडीवर घेतलं. दोन खडे काढून बाजूला टाकले. मग तांदळावरची नजर न उचलता हळूच म्हणाल्या, "आई, हिकडं बग की." थांबल्या. मान हलवली. "न्हाई. आसं न्हाई म्हनायचा." परत जरा वेगळ्या सुरात म्हणून बघितलं. "आई, हिकडं बग की."

शरदचंद्र पायरीवर बसला. त्या परत परत म्हणून बघत होत्या, आणि एकदाही त्यांना ते जमलं नाही.